भुलीचं मशीन चालू आहे, पण आकडा खरा दाखवते का?

चांदूर रेल्वे : कापसाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वजनमापे विभागाचा शिक्का लागतो. शिक्का जुना दिसला की शेतकरी तिथंच भांडतो. ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरची तारीख मात्र कोणी विचारत नाही.

भूल दिलेला पेशंट बोलू शकत नाही. त्याच्या श्वासात ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, भुलीचं औषध किती टक्के, हे डॉक्टर मॉनिटरवर वाचतात. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर ते आधी कार्बन डायऑक्साइडवरूनच कळते. कोरोनात आपल्या घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर इथं उशिरा बोलते. ऑक्सिजनचा आकडा खाली यायला काही मिनिटं जाऊ शकतात.

हा मॉनिटर तपासायला माप ठरलेला वायू डब्यात भरून येतो. त्यालाच कॅलिब्रेशन गॅस म्हणतात. एका नेहमीच्या मिश्रणात कार्बन डायऑक्साइड 5 टक्के असतो. सोबत ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड आणि भुलीचं औषध ठराविक प्रमाणात, बाकी नायट्रोजन. काट्यावर शिक्क्याचं किलोचं वजन ठेवून पाहतो ना, तसंच हे. 5 टक्के म्हणजे समुद्रसपाटीला 38 मिलिमीटर दाब. निरोगी माणसाचा आकडा 35 ते 45 असतो. यंत्र दहानं चुकलं तरी पडदा तसाच चमकतो, अलार्मवर भरवसा राहत नाही. डब्यालाही मुदत असते. मुदत संपलेला डबा म्हणजे घासलेलं वजन.

सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात 2015 पासून योजना आहे. जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर 90 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ यंत्रं चालू राहावीत, हे उद्दिष्ट. कॅलिब्रेशनही त्याच कामात येते. पण टक्केवारी मोजली जाते ती चालू-बंदची. चालू असून चुकीचं दाखवणारं यंत्र या हिशेबात पासच होते, आणि खरी गोम इथंच आहे. बंद यंत्राची तक्रार होते, चुकणाऱ्याची होत नाही.

चांदूरचा पेशंट बरेचदा अमरावतीला जातो, सरकारीत नाही तर खासगीत. सरकारी दवाखान्याचा तपासणी दाखला माहिती अधिकारात मागता येतो. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी तर बैठकीतच मागावा. खासगीत ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना सरळ विचारा : डॉक्टरसाहेब, मॉनिटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?