‘अ‍ॅसिड हाऊसचा जनक’ : चरणजीत सिंग यांच्यावर लादलेली पदवी

१/ समाजमाध्यमांवर अधूनमधून एक वाक्य फिरत असते : ‘अ‍ॅसिड हाऊस हे संगीत शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मले, त्याचे जनक चरणजीत सिंग.’ त्याखाली तिरंगे, टाळ्या आणि ‘हे शाळेत का शिकवले नाही?’ हा ठरलेला प्रश्न. उत्तर सोपे आहे : ते खरे नाही म्हणून. शिवाय या पदवीने ज्यांचा गौरव केल्याचा आव आणला जातो, त्यांचीच खरी कारकीर्द झाकली जाते. #थ्रेड

२/ आधी निर्विवाद भाग. १९८२ साली एचएमव्हीने एक तबकडी काढली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. लळत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी यांसह दहा राग. साथीला मात्र तबला नाही. वादक एकच. त्याच्यापुढे रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र.

३/ सगळा वाद या तिसऱ्या यंत्राभोवती आहे. बेस गिटारवादक हाताशी नसेल तर त्याची उणीव भरून काढावी, हा टीबी-३०३चा मूळ हेतू. सोळा पायऱ्यांचा एक नमुना त्यात भरायचा. कोणत्या स्वरावर आघात हवा, कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरायचे, हे ठरवून द्यायचे. मग यंत्र तोच नमुना फिरवत राहते. बेस गिटारची सर त्याला आली नाही. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९८४मध्ये उत्पादन थांबले आणि ही यंत्रे जुन्या वाद्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली.

४/ असेच एक यंत्र शिकागोतील डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांच्या हाती लागले. ‘फ्यूचर’ या नावाने त्यांनी केलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७मध्ये प्रसिद्ध झाली आणि या संगीतप्रकाराला नाव मिळाले. मुंबईची तबकडी १९८२ची, शिकागोची १९८७ची. मध्ये पाच वर्षे. ‘जनक’ या दाव्याचा सगळा डोलारा या एका वजाबाकीवर उभा आहे.

५/ पण आधी असणे म्हणजे जनक असणे नव्हे. जनकत्व सिद्ध करायचे तर दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते : एकाचे दुसऱ्यापर्यंत पोहोचले, किंवा दोघांनी एकच गोष्ट केली. मुंबईची तबकडी शिकागोच्या त्या तरुणांनी ऐकल्याचा कोणताही पुरावा आजवर कोणी मांडलेला नाही. ती भारतातही फारशी खपली नव्हती. साम्य आहे ते यंत्राच्या आवाजाचे. दोन गावांत एकाच जातीची पेटी वाजली म्हणून एका गावचे भजन दुसऱ्या गावच्या लावणीचे जनक ठरत नाही.

६/ दुसरी कसोटी अधिक निर्णायक आहे. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये सुरावट जवळजवळ बदलतच नाही, नमुना फिरत असताना यंत्राच्या कळा पिळून आवाजाचा पोत बदलत नेणे, हाच तिचा विषय. सिंग यांच्या तबकडीत नेमके उलटे घडते. बेस आणि ताल पायाखाली फिरत राहतात आणि वर हाताने वाजवलेला राग उलगडत जातो. ३०३ची घसरण इथे मींडेची आठवण करून देते. बारा समान स्वरांच्या यंत्रावर राग कितपत तगतो, यावर रसिकांनी जरूर भांडावे. पण ते भांडण रागसंगीताच्या अंगणातले आहे, शिकागोच्या नाचघरातले नव्हे.

७/ या दाव्याने आणखी एक अन्याय होतो. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग जाहीरपणे स्फोटाने उडवण्यात आला. त्या द्वेषाचा रोख कृष्णवर्णीय आणि समलिंगी नाचघरांच्या संस्कृतीकडेही होता, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच शहरातील कृष्णवर्णीय तरुणांनी पुढे हाऊस संगीत घडवले. अ‍ॅसिड हाऊस ही त्याचीच शाखा. ज्यांच्याकडे अभिमानाने दाखवण्यासारखे फार थोडे शिल्लक ठेवले गेले, त्यांचे श्रेय पुराव्याविना काढून घेणे हा राष्ट्राभिमान नव्हे.

८/ आता दुसरी बाजू. एडो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१०मध्ये त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने ती पुन्हा काढली. तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांतील काहींना ही बनावट वाटली. कोणा आधुनिक संगीतकाराने केलेली थट्टा असावी, अशी शंका निघाली. शंका फिटताच तेच कौतुक ‘चमत्कार’ म्हणू लागले. मुंबईतला एक वादक विचारपूर्वक असे काही करू शकतो, हे दोन्ही वेळा नाकारले गेले. भारतातील जयघोषाने हीच दृष्टी उसनी घेतली. फक्त तिला तिरंगा गुंडाळला.

९/ चमत्कार नव्हताच, व्यवसाय होता. सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक. राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी बेस गिटार आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये वाजवली. चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या काढल्या, लग्नसमारंभांत स्वतःचा वाद्यवृंद वाजवला. नवे वाद्य बाजारात आले की ते मिळवणे, शिकणे आणि दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणात वापरता येईल इतके हाती बसवणे, हे या धंद्यातले रोजचे कसब.

१०/ हवेत तेव्हा काय होते, तेही पाहावे. १९८०मध्ये ‘कुर्बानी’, १९८१मध्ये ‘डिस्को दीवाने’, १९८२मध्ये ‘डिस्को डान्सर’. चित्रपटांत डिस्कोची एवढी चलती असताना त्याच ठेक्यावर राग वाजवून पाहू, असे मुरलेल्या वादकाला वाटावे यात नवल नाही. आणि ‘भारतातील पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत’ हा पर्यायी मुकुटही बसत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत (एनआयडी) डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९मध्येच मूग सिंथेसायझर उभा केला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या.

११/ सिंग यांच्या पिढीची खरी शोकांतिका वेगळी आहे : नाव नसण्याची. गाणे गायक, संगीतकार आणि नटाच्या नावाने ओळखले गेले. वादकाला त्या पाळीचे पैसे मिळाले आणि तो घरी गेला. ‘रूप तेरा मस्ताना’मधील अकॉर्डियन कर्सी लॉर्ड यांचे, हे किती श्रोत्यांना ठाऊक असते? ‘अनिल-अरुण’ या जोडीतील अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी संयोजक आणि वादक म्हणून इतरांच्या गाण्यांत केलेले काम कितीजण ओळखतात? ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर झाले, ते गोव्याहून आलेले खरेखुरे संगीतज्ञ आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नसते.

१२/ यावर एक युक्तिवाद हमखास येतो : ‘थोडी अतिशयोक्ती झाली म्हणून काय बिघडले? नाव तर लोकांपर्यंत पोहोचले.’ बिघडले ते असे. एकाला ‘जनक’ केले की बाकीच्या शेकडो वादकांकडे पाहण्याची गरजच संपते. त्यांच्या आठवणी कोणी नोंदवत नाही, त्यांच्या स्वरलिपीच्या वह्या रद्दीत जातात. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांना एकेक करून भेटून ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हा ग्रंथ लिहिला. काम कसे करायचे याचा तो वस्तुपाठ आहे. वेळ मात्र थांबत नाही. चरणजीत सिंग ५ जुलै २०१५ रोजी गेले, कर्सी लॉर्ड २०१६मध्ये.

१३/ ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या वेशीबाहेर भिवंडी तालुक्यात आगरी-कोळी घरांतल्या हळदीला आज जे संगीत वाजते, त्यातले पुष्कळसे एकट्या माणसाने एका संगणकावर रचलेले असते : ताल त्याचा, बेस त्याचा, जोडणी त्याची. ते एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर जाते आणि वाटेतच रचणाऱ्याचे नाव गळून पडते. भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरलेल्या कापडावर पुढे व्यापाऱ्याची छाप लागते, विणणाऱ्याचे नाव लागत नाही. त्यातलाच हा प्रकार. उद्या कोणा परदेशी संग्राहकाला त्यातले एखादे सापडेल आणि पुन्हा एक ‘जनक’ जन्माला घातला जाईल.

१४/ इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ‘पहिला कोण?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. ‘वाजवले कोणी, कशावर, किती मोबदल्यात, आणि नाव का लागले नाही?’ हे प्रश्न घेऊन जवळच्या जुन्या वादकाकडे, बॅन्जो पार्टीतल्या कीबोर्डवाल्याकडे, हळदीचे रिमिक्स करणाऱ्या मुलाकडे जावे. तारीख घालून लिहून ठेवावे. चरणजीत सिंग यांना शिकागोच्या सिंहासनाची गरज नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातली त्यांची खुर्ची त्यांच्या नावाने ओळखली जावी, एवढेच त्यांचे येणे आहे. ते अजून फिटलेले नाही. (समाप्त)