‘फूस लावून पळवली’ म्हणण्याआधी

मुलगी घरातून निघून गेली की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘फूस लावून पळवली.’ ती स्वतःच्या पायाने गेली असेल, हे कुणी बोलत नाही. मी महापेच्या एमआयडीसीत नोकरी करतो. इथे सगळ्या जातिधर्मांची मुलं-मुली एकत्र काम करतात, प्रेमातही पडतात. म्हणून हा कायदा आपल्याला ठाऊक हवाच.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १३७ प्रमाणे १८ वर्षांखालील मुला-मुलीला पालकांच्या संमतीशिवाय त्यांच्या ताब्यातून नेणं हा गुन्हा आहे. ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जबरदस्तीने लग्न लावण्यासाठी स्त्रीला पळवलं, तर कलम ८७ खाली १० वर्षांपर्यंत.

मुलगी १८ पूर्ण असेल आणि राजीखुशीने गेली असेल, तर अपहरण होतच नाही. म्हणून पहिला बचाव म्हणजे तिच्या वयाचा दाखला आणि दंडाधिकाऱ्यापुढचा तिचा जबाब. सज्ञान मुलीने कुणाशी लग्न करावं हे वडील ठरवू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने हादिया प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केलं.

मुलगी १७ ची असेल तर मात्र तिची संमती तुम्हाला वाचवत नाही. वरदराजन खटल्यात १९६४ साली आरोपी सुटला, कारण समजत्या वयाची ती मुलगी आपणहून आली होती; त्याने तिला ‘नेलं’ नव्हतं. पण त्या निकालावर विसंबू नका. शरीरसंबंध आले की पॉक्सो लागतो आणि किमान शिक्षाच १० वर्षांची आहे. ‘वयात आलीय, निकाह लावून टाका’ म्हणणारे बुजुर्ग तुमच्याऐवजी तुरुंगात जाणार नाहीत.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्यासाठी समिती नेमली, तेव्हा आपण संविधानाची आठवण करून दिली. योग्यच केलं. मग आपली सज्ञान मुलगी हिंदू मुलाबरोबर गेली की आपलेच अब्बा आणि मामू अपहरणाची तक्रार घेऊन ठाण्यात का बसतात? तिच्या मर्जीला तेव्हा किंमत नाही?

मित्रांनो, मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा होईपर्यंत थांबा. अटक झालीच तर २४ तासांत न्यायालयापुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. आणि घरातल्या मोठ्यांनो, तक्रार लिहिण्याआधी एकदा मुलीला विचारा.