वंशावळीत न मावलेली भावंडे

कुळवृत्तांत हाती पडला, की आपण आधी त्यात आपले नाव शोधतो. कोणाचे नाव गाळले आहे, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. अमेरिकेतील एका थोर घराण्यात गाळलेली नावे मान्य व्हायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ती कहाणी आपणही ऐकण्यासारखी आहे.

सर्व माणसे समान आहेत, असे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे थॉमस जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच माँटिसेलो या मळ्यावर गुलाम राबत होते. त्यांतली एक सॅली हेमिंग्ज. जेफरसनांच्या दिवंगत पत्नीची ती सावत्र बहीण. बाप एकच, पण एक मालकीण, दुसरी दासी. सॅलीच्या मुलांचे वडील जेफरसनच, हा बोभाटा १८०२ मध्येच वृत्तपत्रात झाला होता.

तिची चार मुले जगली. वर्णाने उजळ असलेली बेव्हर्ली आणि हॅरिएट ही भावंडे १८२२ च्या सुमारास घर सोडून गोऱ्यांत मिसळून गेली. पुढे धाकट्या ईस्टननेही जेफरसन हे आडनाव लावले आणि त्याचे कुटुंब ‘गोरे’ झाले. मॅडिसन तेवढा काळ्या समाजात राहिला. १८७३ मध्ये त्याने ओहायोतील एका वृत्तपत्रात आपले वडील कोण, हे स्वच्छ सांगितले. हॅरिएटची दहा वर्षांत खबर नाही, ती आहे की गेली तेही ठाऊक नाही, असेही तो म्हणाला. सख्ख्या बहिणीविषयी!

त्याच १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केले. कायद्याने गुलामी गेली होती. घरातले भय मात्र गेले नव्हते.

मॅडिसनला बहुतेक इतिहासकारांनी खोटे ठरवले. जेफरसनांच्या नातवंडांनी त्यांच्या भाच्यांकडे बोट दाखवले. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. ईस्टनच्या वंशजाचा धागा जेफरसन घराण्याशी जुळला, भाच्यांच्या घराण्याशी जुळला नाही. नेमका कोणता जेफरसन, हे एकट्या चाचणीवरून ठरत नव्हते. पण इतर पुरावे ताडून पाहिल्यावर २००० मध्ये माँटिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही मॅडिसनच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

यातली मेख पाहा. ईस्टनच्या घरी मुलांना, आपण जेफरसनांच्या चुलत्याचे वंशज, असे सांगितले जाऊ लागले. मॅडिसनच्या घरी मात्र खरी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत राहिली. ज्यांना प्रतिष्ठा मिळाली ते विसरले. ज्यांना ती नाकारली गेली, त्यांनीच आठवण जपली.

घराण्याचे नाव राखण्यासाठी आपणही कितीतरी गोष्टी झाकतो. कोणाची जात, कोणाचा दुसरा संसार, कोणा मावशीचे नाव. पण नाव राखताना माणसे गमावली जातात, हा हिशेब कोणी मांडत नाही. घरातल्या एखाद्या थकल्या आजीने असे काही सांगितले, तर लगेच तिला गप्प करू नये. कदाचित खरा कुळवृत्तांत तिच्यापाशीच असेल.