गुणांची बेरीज

दोन राष्ट्रांच्या संघांनीं समोरासमोर येऊन धांवणें, उड्या मारणें व फेंक यांत आपलें बळ अजमावावें, ही प्रथा फार जुनी नव्हे. असा पहिला सामना ता. ५ जून १८७६ रोजीं डब्लिन शहरीं इंग्लंड व आयर्लंड यांच्यामध्यें झाला, असें मानतात. इंग्लंडनें ९ शर्यती जिंकल्या, आयर्लंडनें ४. मैदानावर उतरलेले सारे पुरुषच असल्यामुळें कोणाचे गुण धरावे व कोणाचे सोडावे, हा प्रश्नच उद्भवला नाहीं.

तो उद्भवला ८२ वर्षांनीं, मॉस्को येथें. १९५८ च्या जुलै महिन्यांत अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्या संघांची पहिली गांठ पडली. ऑलिंपिकमध्यें पहिल्या तिघांस पदकें मिळतात. चौथा रित्या हातानें परततो. येथील रीत निराळी होती. प्रत्येक वैयक्तिक शर्यतींत दोन्ही बाजूंचे दोन दोन खेळाडू, आणि त्यांस अनुक्रमें ५, ३, २ व १ असे गुण. सर्वांच्या मागें राहिलेलाहि आपल्या संघाच्या पदरांत एक गुण टाकीत असे.

पुरुषांत अमेरिकेचे १२६ व रशियाचे १०९ गुण झाले. स्त्रियांत रशियाचे ६३ व अमेरिकेचे ४४. रशियनांनीं दोहोंची बेरीज मांडली : १७२ विरुद्ध १७०, म्हणजे विजय त्यांचा! अमेरिकनांचें म्हणणें असें कीं, पुरुषांचा सामना वेगळा व स्त्रियांचा वेगळा. बेरजेचें कारणच नाहीं. एकाच मैदानावरून दोन्ही पक्ष विजयी होऊन घरीं गेले.

रशियनांची ही बेरीज केवळ स्त्रियांविषयींच्या आदरानें झाली, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. ती त्यांच्या सोयीची होती. तथापि ज्या मुलींचे ४४ गुण वेगळे काढले गेले, त्यांच्याकडे पाहावें. त्या काळीं अमेरिकेंतील फार थोड्या विद्यापीठांत मुलींच्या धांवण्याची नीट सोय होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या टेनेसी स्टेट या संस्थेनें ती केली. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें चौघींच्या सांघिक शर्यतीचें सुवर्णपदक अमेरिकेनें जिंकलें, तेव्हां चारीहि मुली याच संस्थेच्या होत्या. त्यांपैकीं ल्यूसिंडा विल्यम्स व बार्बरा जोन्स मॉस्कोसहि धांवल्या होत्या.

आमच्या एकत्र कुटुंबांतहि असा हिशेब चालतोच. अमक्यास बढती मिळाली, तमका परीक्षेंत पहिला आला, हें आपण पाहुण्यांस आवर्जून सांगतों. ज्या सुनेनें सासऱ्यांचें दुखणें काढलें, रात्रीं जागून धाकट्या दिराचा अभ्यास घेतला, तिचे गुण मात्र वेगळ्या वहींत राहतात; पुष्कळदां ती वहीच कोणी उघडीत नाहीं. येत्या पाडव्यास सारी मंडळी एकत्र जमतील, तेव्हां ती एकदां उघडावी आणि मगच घराची बेरीज करावी, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.