स्फूर्तीचे स्तोम आणि बालकविता

बालकविता ही लिहावयाची नसते, ती आपोआप होते, असे एक मत अलीकडे आमच्याकडे फार प्रतिष्ठा पावले आहे. संग्रहांच्या मनोगतांत, सत्काराच्या उत्तरांत आणि शाळांतील कविभेटींत ते इतक्या वेळा कानी पडते की, त्यास विरोध करणे म्हणजे साक्षात् शारदेचाच उपमर्द करणे असे वाटू लागावे. पहाटे जाग आली, ओळी सुचल्या, चहा होण्यापूर्वी कविता पुरी झाली. अर्थात् ती उत्तमच असली पाहिजे! आमची तक्रार आहे ती या ‘अर्थात्’विषयी.

हा प्रश्न आजच काढण्यास कारण आहे. २०२५ साली साहित्य अकादमीचा मराठीतील बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहास मिळाला. साहित्याच्या पंगतीत ज्या प्रकाराचे पान नेहमी शेवटी मांडले जाते, त्याचा असा मान झाला आणि तोही गोदाकाठी, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु असा गौरव झाला की आसपासच्या अनेकांस लेखणी उचलावीशी वाटते. नांदेड-लातूरकडच्या अशा होतकरू मंडळींस पहिलाच मंत्र मिळावयाचा तो ‘स्फूर्तीची वाट पाहा, आणि ती आली की एक अक्षरही खोडू नका’ हा असेल, तर त्याचे प्रायश्चित्त कवींस नव्हे, लेकरांस भोगावे लागेल. प्रौढ वाचक वाईट कविता मिटून बाजूस ठेवतो. दुसरीतल्या मुलास ती पाठ करावी लागते.

स्फूर्ती नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्तीस, म्हणजे प्रतिभेस, अग्रस्थान दिलेच आहे. पण तिच्या जोडीस त्याने निपुणता आणि अभ्यास यांस बसविले; आणि विशेष हे की, या तिघांस मिळून त्याने ‘हेतु’ हा शब्द एकवचनी योजला. तीन वेगळी कारणे नव्हेत, तिघे मिळून एक कारण. आमच्या स्फूर्तिवाद्यांनी त्यातील पहिले तेवढे घेतले आणि उरलेली दोन परत केली!

यावर बालकवींचे नाव पुढे करण्यात येते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात किशोरवयीन त्र्यंबक बापूजी ठोमरे यांच्या कवितेने सभा थक्क झाली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्यांस ‘बालकवी’ म्हटले, हे खरे. परंतु ती पदवी कवीच्या कोवळ्या वयास होती. मुलांसाठी लिहिण्याचे ते प्रमाणपत्र नव्हते. दोहोंत घोटाळा करून ‘बालक जसे सहज बोलते तशी बालकविता सहज होते’ असा सिद्धान्त काढणे हा निव्वळ शब्दच्छल होय.

आता खऱ्या स्फूर्तीचा एक दाखला घेऊ. लुईस कॅरोल १८ जुलै १८७४ रोजी गिल्डफर्डजवळच्या टेकडीवर एकटाच फिरत असता त्यास एकाएकी एक ओळ सुचली. तिचा अर्थ त्याचा त्यालाही कळला नव्हता. ती ओळ म्हणजे ‘स्नार्क’च्या दीर्घ विनोदी काव्याची अखेरची ओळ ठरली; आणि तिच्या अलीकडचे सारे काव्य जुळवून ग्रंथ बाहेर पडावयास १८७६ साल उजाडले. टेकडीवरच्या क्षणाने दिली ती एक ओळ. बाकीचे मेजावर बसून झाले.

आणि हे मेजावरचे काम टाळले म्हणजे काय होते? गोदावरीस पहिला लोंढा येतो तो गढूळ असतो. काठचा सारा पालापाचोळा तो घेऊन येतो. एका बैठकीत झरझर उतरलेल्या कवितेत प्रथम येते ते कवीच्या डोळ्यांनी पाहिलेले नव्हे, तर त्याने लहानपणी घोकलेले. म्हणून आमच्याकडच्या पाऊसगाण्यांत नारळी-पोफळी डोलतात, समुद्र गाजतो, मुले अंगणातल्या तळ्यात होड्या सोडतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ते सुमारे ५ लाख लिटर होते. पाण्याची आगगाडी! लहान मुलाच्या कल्पनेस याहून विलक्षण वस्तू कोणत्या परीकथेत मिळेल? घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या लेकराच्या हाती आम्ही द्यावयाची ती पुन्हा कागदाची होडीच काय?

येळवशीचेही तेच. मार्गशीर्ष अमावास्येस लातूरकडचे गावच्या गाव वावरात लोटते; कडब्याची कोप उभी राहते, भज्जी व आंबील यांवर ताव मारला जातो. मुलांचा याहून मोठा सण या भागात नसेल. तरीही स्फूर्तीस नेमकी दिवाळीच आठवते. याचे कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी अंमलाखाली होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम प्रायः उर्दू. विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढले ते १८८१ साली. त्यापुढची बालकवितेची छापील परंपरा बहुतांशी मुंबई-पुण्याकडे वाढली. आमची गाणी राहिली ती जात्यावर आणि पाळण्यापाशी. म्हणूनच इथल्या कवीस इतरांहून दुप्पट खोडावे लागते: त्याची पहिली ओळ बहुधा दुसऱ्याच्या अंगणातून आलेली असते.

कानाची गोष्ट तर अधिकच नाजूक. देगलूर-बिलोलीकडच्या मुलाच्या कानावर तेलुगू पडते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, नांदेडच्या गल्ल्यांत दखनी उर्दू आणि गुरुद्वाराच्या परिसरात पंजाबी. इतके सूर ऐकलेल्या कानास आठ-आठ मात्रांच्या आवर्तनात एक मात्रा ढळली तरी तत्काळ कळते. शास्त्र ठाऊक नसते इतकेच. पण आमचे कवी लघूचा गुरू करून, ओढून, रेटून ओळ बसवितात आणि विचारले असता सांगतात की, ती तशीच स्फुरली. स्फुरली असेल; पण मग मात्रा मोजावयास बोटे कशासाठी दिली आहेत?

आमच्यावर असा आक्षेप येईल की, या चिकित्सेने बालकविता रुक्ष होईल आणि झाडे लावा, दात घासा, पाणी वाचवा असल्या पद्यांचा सुळसुळाट होईल. आम्हांस तीही पद्ये नकोत. मात्र ही उपदेशगाणी लिहिणारेही स्फूर्तीचेच नाव घेतात, आणि तीही एकाच बैठकीत होतात, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही पक्षांस एकाच गोष्टीचा कंटाळा आहे: लिहिलेले पुन्हा वाचण्याचा.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. कवीने आपली ताजी कविता घेऊन कंधारच्या वा अहमदपूरच्या एखाद्या शाळेत दुसरीच्या वर्गात जावे. आपले नाव सांगू नये, पुरस्कार सांगू नयेत, ती कशी सुचली हे तर मुळीच सांगू नये. एकदा म्हणून दाखवावी, मग मुलांस टाळ्यांवर म्हणू द्यावी. आणि ज्या ज्या ठिकाणी टाळी अडखळेल किंवा मागच्या बाकावरची पोरे खिडकीबाहेर पाहू लागतील, तेथे पेन्सिलीने खूण करून वही घरी आणावी.