संदेष्टा म्हणजे पोपटवाला नव्हे

मुळशीतल्या कासारसाईच्या धरणाकाठी भज्यांची दुसरी प्लेट येईपर्यंत एका सद्गृहस्थांनी बायबलचा निकाल लावून टाकला. भविष्यवाणी हे थोतांड, क्षमा म्हणजे पापाला मोकळं रान, देवाचं आज्ञापालन म्हणजे मान खाली घालण्याची शिकवणी. मग अभ्यास कशाला करायचा? त्यांनी तो केलेला नाही, हे सांगायला नकोच.

पहिल्या आक्षेपाचं खापर थोडं भाषांतरावरही फुटतं. जुन्या मराठी बायबलमध्ये ‘भविष्यवादी’ असा शब्द होता. तो वाचून कुणाला चिठ्ठी काढणारा पोपट आठवला तर नवल नाही. आता रूढ झालेला ‘संदेष्टा’ नेमका आहे. बायबलातला आमोस हा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा. तो कुणाची पत्रिका मांडत नाही. जोडाभर पायतणांच्या किमतीला गरीब विकणाऱ्यांवर, तागडीत खोट ठेवणाऱ्या धान्यव्यापाऱ्यांवर तो तुटून पडतो आणि राज्य बुडेल म्हणून बजावतो. १९२१ साली जमिनीसाठी सत्याग्रह केलेल्या मुळशीत तरी हा माणूस परका वाटू नये.

योनाची तर गंमतच आहे. चाळीस दिवसांत निनवे नष्ट होणार, असं त्यानं जाहीर केलं. राजासकट सगळं शहर गोणपाट नेसून बसलं, वाईट चाल सोडली, नाश टळला. भविष्य साफ चुकलं! ज्योतिषाचं दुकान बंद पडलं असतं. इथे मात्र तेच हवं होतं. रुसला तो योना, शहराबाहेर जाऊन मरण मागत. आपल्याच संदेष्ट्याची अशी फजिती नोंदवणारा ग्रंथ भोळ्यांना भुलवायला लिहिला म्हणे! अध्याय अवघे चार आहेत, चहा निवायच्या आत संपतात.

वाद जुनाच आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी असे जाहीर सवालजवाब झाले, पुढे छापलेही गेले. तिथे निदान प्रतिपक्ष समोर उभा असे. भज्यांच्या प्लेटीला उलट उत्तर देता येत नाही.

क्षमेचं थोडक्यात. सातांच्या सत्तर पट क्षमा कर, असं पेत्राला सांगून येशू लगेच एक दाखला देतो. दहा हजार तालांतांचं, म्हणजे मजुराच्या सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं कर्ज माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्यापायी स्वतःची माफी गमावतो. मोकळं रान ते हेच का?

राहिलं आज्ञापालन. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लवकरच तिथल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद मांडला. देवाची आज्ञा मान्य. चर्चचं मत मात्र स्वतः तपासल्याशिवाय नाही. हे तपासणं त्यांनी तडीस नेलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. १९२२ साली त्या वारल्या, तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. १९२४ साली ते केडगावला, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून निघालं. खिळे जुळवणारे हात तिथल्याच बायकांचे होते.