भरतवाक्य कधीं येणार?

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं लिहावयाचें म्हटलें कीं सुशिक्षित मनुष्य प्रथम नाक मुरडतो आणि मग लेखणी उचलतो. आम्ही तसें करणार नाहीं. आम्ही मालिका पाहतों, रोज पाहतों, आवडीनें पाहतों. आणि पाहत नसल्याचा आव आणून दाराआडून कान देणाऱ्या विद्वानांपेक्षां आमची स्थिति बरी, असें आम्हांस वाटतें. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला, म्हणून कित्येक स्नेही या आवडीचें नवल करतात. वस्तुतः त्यांत नवल तें काय? ज्यानें वर्षानुवर्षें शाकुंतल शिकविलें, त्यानें नाटकाच्या नांवानें बोटें मोडावीं तरी कशीं? आमची जी तक्रार आहे ती प्रेमिकाची आहे, निंदकाची नव्हे. आणि ती एकच आहे. आमच्या मालिकांना आरंभ असतो, मध्यहि असतो, पण शेवट नसतो.

आमच्या पिढीनें हें माध्यम त्याच्या पाळण्यापासून पाहिलें आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं वाड्यांत एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे आणि सगळा वाडा तेथें जमे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं ते असे कांहीं उभे केले कीं, पुढें पुस्तक उघडलें तरी तेच चेहरे दिसूं लागले. तो रोज न येणारा पाहुणा होता. आला कीं घर आनंदित करी आणि वेळेवर निरोप घेई.

लांबलचक मालिकेची कल्पना आपल्याकडे आली ती मेक्सिकोहून. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री वसंत साठे यांनीं त्या देशाचा दौरा केला होता. तेथें मिगेल साबीदो नांवाच्या नाट्यदिग्दर्शकानें मालिकांच्या द्वारें लोकशिक्षणाचें काम आरंभिलें होतें. प्रौढांनीं अक्षरें गिरवावीं एवढ्यासाठीं १९७५ सालीं त्यानें एक मालिका काढिली होती. त्याच धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनीं लिहिलेली ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झाली. भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन चार शब्द सांगत, ते आमच्या अनेक वाचकांस आठवत असतील. साबीदोची युक्ति मोठी मार्मिक होती. मालिकेंत कांहीं पात्रें चांगल्या मार्गाचीं असावीं, कांहीं वाईट मार्गाचीं असावीं आणि कांहीं दोहोंच्या मध्यें घुटमळणारीं असावीं. प्रेक्षकाचा जीव जडतो तो या घुटमळणाऱ्यावर. कारण तोहि आपल्या घरीं घुटमळतच असतो. तें पात्र अडखळत अडखळत अखेर योग्य वाटेस लागतें, तेव्हां पाहणाराचेंहि पाऊल उचललें जातें. वाचकांनीं यांतील ‘अखेर’ या शब्दाकडे लक्ष द्यावें. घुटमळणारा कोठें पोंचलाच नाहीं, तर शिक्षण कसलें आणि नाटक तरी कसलें? ‘हम लोग’ १९८५ सालच्या डिसेंबरांत संपली, म्हणूनच ती आज लक्षांत आहे.

हाच विचार आपल्या नाट्यशास्त्रानें फार पूर्वीं सांगून ठेविला आहे. भरतमुनींनीं कथानकाचे पांच संधि कल्पिले : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखांत बीज पेरलें जातें. प्रतिमुखांत तें दिसतें न दिसतें असें अंकुरतें. गर्भांत तें सांपडतें, हरवतें आणि पुन्हां शोधिलें जातें. विमर्शांत शाप, क्रोध, मोह असें कांहीं विघ्न येऊन सर्व आशा टांगणीस लागते. आणि निर्वहणांत विखुरलेले सारे धागे एकत्र येऊन फळ हातीं पडतें. त्यानंतर सर्वांचें कल्याण चिंतणारें भरतवाक्य होतें व प्रेक्षक तृप्त मनानें उठतो. नाटकास पांचांहून कमी व दहांहून अधिक अंक नसावे, असाहि दंडक आहे. हे संधि हाताच्या पांच बोटांसारखे आहेत, असें आम्ही वर्गांत सांगत असूं. शेवटचें बोट लहान खरें, पण त्यावांचून मूठ वळत नाहीं.

आतां आमची रोजची मालिका पाहा. पहिल्या महिन्यांत मुख आणि प्रतिमुख मोठ्या उत्तम रीतीनें पार पडतात. पात्रें ठसठशीत असतात, संवाद नेटके असतात, आणि घरांतील आबालवृद्ध एकमेकांस ‘या मालिकेंत कांहीं तरी आहे’ असें सांगूं लागतात. मग गर्भ आणि विमर्श, पुन्हां गर्भ, पुन्हां विमर्श, असें रहाटगाडगें सुरू होतें. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेंत तर गर्भसंधि शब्दशः लांबला. जान्हवीचें बाळंतपण कधीं होणार, हा विनोद त्या वेळीं घरोघरीं चालला होता. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचें नांव एका शहाण्या म्हणीवरून घेतलेलें. परंतु त्या चार दिवसांचे २००१ ते २०१३ या काळांत तीन हजारांहून अधिक भाग झाले! शास्त्रांत मुख्य कथेस साह्य करणाऱ्या लांब उपकथेस ‘पताका’ म्हणतात. आमच्याकडे पताकाच इतक्या लागतात कीं देऊळ कोठें होतें तें सांपडूं नये. आणि स्मृतिभ्रंशाची तर कथाच निराळी. कालिदासानें दुष्यंतास विस्मृति पाडिली ती एकदांच. तिला दुर्वासाचा शाप हें कारण दिलें, अंगठी हा उतारा दिला, आणि त्या विस्मृतींतून राजाच्या अंतःकरणाची परीक्षा घेतली. आमच्या मालिकांत डोक्यास मार लागून माणसें वर्षांतून दोनदां स्मृति गमावतात, आणि ती परत येते तेव्हां कोणाच्याहि अंतःकरणांत कांहीं बदललेलें नसतें.

हें असें कां होतें, याचा न्यायबुद्धीनें विचार केला तर लेखकांस फारसा दोष देतां येत नाहीं. कांहीं निवडक घरांतील संचांस मोजणीचें यंत्र जोडलेलें असतें. कोणती वाहिनी किती वेळ पाहिली गेली याचा त्यावरून हिशोब होऊन त्याचे आंकडे दर आठवड्यास निघतात, आणि त्या आंकड्यांवर जाहिरातींचा भाव ठरतो. नियमाप्रमाणें तासाला बारा मिनिटेंपर्यंत जाहिराती दाखवितां येतात. वाहिनीचा प्रपंच मुख्यतः त्यांवर चालतो. नवी मालिका काढावयाची म्हणजे नवें घर उभारा, नवीं पात्रें शोधा, प्रेक्षक नव्यानें जमवा. त्यापेक्षां चालती गाय दोहत राहणें स्वस्त. अशा व्यवस्थेंत लेखकास आपली कथा साठ भागांची कीं सहाशें भागांची हेंच ठाऊक नसतें. मुक्काम ठाऊक नसलेल्या गाडीवानानें बैल जोरानें हांकावे तरी कशाला?

यावर व्यवहारी लोक म्हणतात कीं, शेवट आधीं ठरविला व तो प्रेक्षकांस कळला तर पाहील कोण? या प्रश्नास उत्तर रामायणानेंच दिलें आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजीं सुरू झाली. रावण मरणार आणि सीता परत येणार, हें न कळलेला एकहि प्रेक्षक भारतवर्षांत नसेल. तरी रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. पुढें तेहेतीस वर्षांनीं, २८ मार्च २०२० पासून, साथीच्या टाळेबंदींत तीच मालिका पुन्हां दाखविली गेली आणि नातवंडांनीं आजोबांच्या शेजारीं बसून ती पाहिली. प्रेक्षक ‘पुढें काय होणार’ एवढ्याच कुतूहलानें बसत नाहीं. जें होणार तें कसें होतें आणि तें होतांना माणसें कशीं वागतात, हें पाहण्यास तो बसतो. त्यांतच रस आहे.

शेवटाचा एवढा आग्रह आम्ही कां धरतों, हें समजण्यासाठीं आमच्या घरची एक गोष्ट सांगणें आवश्यक आहे. आमचे वडील बंधु १९७६ सालीं वारले, तेव्हां वहिनी सत्तावीस वर्षांच्या होत्या व पदरीं दोन वर्षांचा मुलगा होता. आम्ही त्या वेळीं नुकतेच शाळेबाहेर पडलों होतों. घरांतील वडील मंडळी प्रेमळ होती. वहिनींना कोणीं कधीं उणें बोललें नाहीं. स्वयंपाकघर मात्र त्यांच्या हातीं आलें तें कायमचें. २०१९ सालीं ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली. सर्वांस वाढून मागाहून जेवणारी विधवा आसावरी (निवेदिता सराफ), कडक शिस्तीचा सासरा (रवी पटवर्धन), लाडावलेला मुलगा आणि नव्यानें आलेली सून शुभ्रा (तेजश्री प्रधान), असें तें कुटुंब. पाककलेंत नांवाजलेल्या अभिजित राजे (डॉ. गिरीश ओक) यांच्याशीं सासूचें लग्न व्हावें म्हणून सूनच पुढाकार घेते. रात्रीं साडेआठ वाजतां आमचें सारें घर संचासमोर बसे.

एका रात्रीं, सून सासूस तिच्या मनांतलें विचारीत आहे असा प्रसंग चालला होता. वहिनी खालीं बसून ताटांत तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “मला कोणीं विचारलें नाहीं.”

आमच्या सूनबाईनें संचाचा आवाज बंद केला. “विचारलें असतें तर, काकू?”

“नाहींच म्हटलें असतें मी. मुलगा लहान होता. पण विचारायला हवें होतें गं.” इतकें बोलून त्यांनीं तांदळांतला एक खडा काढून बाजूस टाकला आणि “लाव आवाज” म्हणाल्या.

वहिनींचा मुलगा तेथेंच होता. तो उठून गॅलरींत गेला आणि बराच वेळ आंत आला नाहीं. पुढें रविवारीं दुपारीं तो आईजवळ बसून तिच्या माहेरच्या, शाळेच्या, वडिलांच्या गोष्टी विचारूं लागला. जें वाक्य आमच्या घरांत त्रेचाळीस वर्षें उच्चारलें गेलें नव्हतें, तें एका कल्पित सुनेनें कल्पित सासूस विचारलेल्या प्रश्नामुळें उच्चारलें गेलें. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी समोरासमोर बोलतां येत नाहींत. प्रेम नसतें म्हणून नव्हे, तर मर्यादा असते म्हणून. तिथें तिसऱ्याच कोणाची कथा मध्यें ठेविली म्हणजे बोलण्यास वाट मिळते. १८९९ सालीं देवलांच्या ‘शारदे’नें रंगभूमीवरून जें काम केलें, तें आज दिवाणखान्यांतील हा संच करूं शकतो. एवढें सामर्थ्य ज्या माध्यमांत आहे, त्याची थट्टा करणें आम्हांस जमणार नाहीं.

परंतु पुढचेंहि सांगितलें पाहिजे. आसावरीचें लग्न झालें, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मालिका मात्र चालूच राहिली, आणि २०२१ सालीं तिच्या जागीं ‘अग्गंबाई सूनबाई’ या नांवानें तिचाच पुढला अवतार आला. लग्नाचा भाग झाल्यावर वहिनी उठल्या त्या पुन्हां बसल्या नाहींत. बोलावलें तेव्हां म्हणाल्या, “आसावरीचें काम झालें. आतां मी कशाला बसूं?” नाट्यशास्त्राचें पान न उघडलेल्या या बाईस निर्वहण-संधि कोठें आला हें बरोबर कळलें होतें, तो कळला नाहीं वाहिनीस! आणि यांत केवळ वेळाचा अपव्यय नाहीं. जी कथा कोणाच्या आयुष्यास हात घालते, तिनें मागाहून पाणी घातलेल्या आमटीसारखें होऊं नये. तसें झालें म्हणजे पूर्वींचा खरा घांसहि प्रेक्षकास खोटा वाटूं लागतो.

वेळेवर थांबणें अशक्य आहे असेंहि नाहीं. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका २०१२ सालीं सुरू झाली आणि त्याच सालीं, लोकांस हवीहवीशी असतांनाच, संपली. राधा आणि घना यांचें नांव आजहि घरोघरीं प्रेमानें निघतें. पाहुण्यानें आणखी दोन दिवस राहावें असें वाटत असतांनाच निघावें, ही आपल्याकडची जुनी रीतच आहे.

वाहिन्यांनीं मालिकेच्या आरंभींच भागांची संख्या जाहीर करावी, अशी आमची सूचना आहे. ती कोणी ऐकेल अशी आशा मात्र फार नाहीं. म्हणून वाचकांस व विशेषतः आमच्या वाचकभगिनींस एक गोष्ट सुचवितों. मालिका एकत्र बसून पाहा, आणि संच बंद केल्यावर पांच मिनिटें तरी तेथेंच बसा. त्या पांच मिनिटांत कोण काय बोलतें तें ऐका. ज्या दिवशीं बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं, त्या दिवशीं ती कथा संपली असें समजा आणि भरतवाक्य तुम्हीच म्हणा. घराघरांतून अशी उठाउठ होऊं लागली तर तीहि त्या मोजणीच्या यंत्रांत उमटेलच.

असो. साडेआठ वाजत आले आहेत. नवी मालिका सुरू होऊन तीनच आठवडे झाले आहेत. प्रतिमुख-संधि उत्तम चालला आहे, आणि आमची जागा दुसऱ्या कोणीं घेण्यापूर्वीं आम्हांस उठलें पाहिजे.